येरवड्यातली ती पोटदुखी

१९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून आठवड्याभरात दोन कैदी बाहेर पडले. पहिले विनायक दामोदर सावरकर. त्यांची सुटका ६ जानेवारीला झाली, रत्नागिरी जिल्ह्यातच राहायचे या अटीवर. दुसरे मोहनदास करमचंद गांधी. १२ जानेवारीच्या संध्याकाळी त्यांना बाहेर काढले, पण ती सुटका नव्हती. त्यांच्या पोटात असह्य कळा येत होत्या आणि त्यांना घाईघाईने पुण्याच्या ससून रुग्णालयात नेले जात होते.

तीन वर्षांनी, १ मार्च १९२७ रोजी, गांधीजी रत्नागिरीत आले आणि या दोघांची इथे भेट झाली. त्या भेटीत अस्पृश्यता आणि शुद्धी या विषयांवर काय बोलणे झाले याची चर्चा आजवर पुष्कळ झाली आहे. पाहुण्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेचा एक वण होता, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. तो वण नसता तर १९२७ साल त्यांनी बहुधा पाहिलेच नसते.

हा रुग्ण साधा नव्हता. डॉक्टर, औषधे आणि रुग्णालये यांवर त्याचा जवळजवळ अविश्वास होता आणि तो त्याने पुस्तक लिहून जाहीर केला होता. असा माणूस एका इंग्रज लष्करी शल्यचिकित्सकाच्या टेबलावर कसा गेला, हे समजायला त्याच्या पोटाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. दक्षिण आफ्रिकेत वकिली करत असताना त्यांना बद्धकोष्ठाचा जुना त्रास होता. पोट साफ व्हावे म्हणून ते अधूनमधून फ्रूट सॉल्ट घेत. मग निसर्गोपचारावरचे एक जर्मन पुस्तक हाती लागले. ओली, स्वच्छ माती पातळ कापडावर पसरून रात्री पोटावर बांधायची, हा त्यातला उपाय त्यांनी करून पाहिला आणि त्यांना गुण आला. कूने यांचे कटिस्नानही त्यांनी आपलेसे केले होते. १९०२ मध्ये मुंबईत, गिरगावात राहत असताना दहा वर्षांच्या मणिलालला विषमज्वर झाला. डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचे सूप द्यायला सांगितले. गांधीजींनी ते नाकारले, मुलाला कटिस्नान दिले, ओल्या चादरीत गुंडाळले. मुलगा वाचला. १९०४ मध्ये जोहान्सबर्गला फुप्फुसाचा प्लेग आला. तेवीस रुग्णांपैकी तिघांना त्यांनी मातीच्या पट्ट्या बांधल्या, त्यांतले दोघे वाचले आणि बाकीचे वीस गेले. धाकट्या रामदासचा मोडलेला हातही मातीनेच बरा केला.

एवढे अनुभव गाठीशी असल्यावर कुणाचाही विश्वास बसेल. पण इथे थोडे थांबायला हवे. प्रतिजैविके नव्हती त्या काळातही विषमज्वराचे बहुसंख्य रुग्ण तीन-चार आठवड्यांनी आपोआप बरे होत. मोडलेले हाड स्थिर राहिले तर सांधते. तीन रुग्णांवरून प्लेगच्या उपचाराविषयी काहीच ठरवता येत नाही. शरीर स्वतः बरे करते त्या आजारात शेवटी जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते. मातीला मिळाले, कधी अंगाऱ्याला मिळते, कधी डॉक्टरच्या इंजेक्शनलाही मिळते.

१९०९ मध्ये लंडनहून आफ्रिकेला परतताना बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिले. त्यात डॉक्टरांवर एक प्रकरण आहे. मुद्दा असा की माणूस जास्त खातो, अपचन होते, डॉक्टर गोळी देतो, बरे वाटते आणि माणूस पुन्हा जास्त खातो. गोळी नसती तर तो सुधारला असता. हे अगदीच टाकाऊ नाही. आज आम्लपित्ताच्या गोळ्यांची पाकिटे किराणा दुकानातही टांगलेली दिसतात, ती पाहून गांधीजींना आश्चर्य वाटले नसते. मात्र हा युक्तिवाद अपचनाला लागू पडतो. सगळी पोटदुखी म्हणजे अपचन नव्हे, हे त्यांना पुढे स्वतःच्या शरीरावर शिकावे लागले.

१९१४ साली लंडनमध्ये त्यांना प्लुरसी, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाची सूज, झाली. तरुण डॉक्टर जीवराज मेहता उपचार करत होते आणि दूध घ्या म्हणून मागे लागले होते. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांना गांधीजी राजकारणातले गुरू मानत, तेही तेव्हा तिथे होते आणि त्यांनीही फार आग्रह केला. गुरूचा शब्द मोडताना शिष्याला वाईट वाटले, पण दूध काही घेतले नाही. खरी परीक्षा १९१८ मध्ये आली. खेडा जिल्ह्यात वणवण फिरून शरीर आधीच थकलेले होते. सणाच्या दिवशी कस्तुरबांनी गोड लापशी समोर ठेवली, मोह झाला आणि त्याच संध्याकाळी जोराचा आमांश सुरू झाला. दिवसभरात तीस-चाळीस वेळा शौचाला जावे लागे. औषध नको, इंजेक्शन नको, हा हट्ट कायम. आपण आता जात नाही अशी त्यांची खात्री झाली होती. तेव्हा केळकर नावाचे एक गृहस्थ आले, ज्यांना लोक बर्फवाले डॉक्टर म्हणत. त्यांनी अंगावर बर्फाचे उपचार केले. जेवण थोडे जाऊ लागले, पण अशक्तपणा जाईना आणि शौचाच्या जागी चिरा पडून प्राणांतिक वेदना होऊ लागल्या. १९१९ च्या सुरुवातीला मुंबईत डॉ. दलाल यांनी त्यावर शस्त्रक्रिया केली. दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही असे त्यांनी बजावले आणि गायी-म्हशीच्या दुधाची शपथ आहे तर शेळीचे चालेल की, असा तोडगा कस्तुरबांनी काढला. गांधीजींची प्रसिद्ध शेळी आली ती इथून.

म्हणजे १९२४ पर्यंत त्यांनी चाकूला एकदा मान तुकवलेली होती. तरी पहिला कल माती, पाणी, उपवास आणि वाट पाहणे याकडेच होता. मार्च १९२२ मध्ये राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा होऊन ते येरवड्यात आले. सूत, वाचन, ठरलेला आहार असा दिनक्रम चालू असताना, पावणेदोन वर्षांनी, पोट दुखू लागले. काही दिवस ते दुखणे अंगावर होते. मग ताप आला आणि कळ वाढत गेली. ससूनचे शल्यचिकित्सक कर्नल मॅडॉक यांनी तपासले आणि निदान केले, अपेंडिक्सला सूज.

मराठीत ज्याला आंत्रपुच्छ म्हणतात तो हा अवयव बोटाएवढा असतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली नळी. तिचे तोंड कडक मळाच्या खड्याने किंवा आतल्या सुजेने बंद झाले की आतला स्राव बाहेर पडत नाही. दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो, जंतू माजतात, भिंत कुजू लागते आणि शेवटी फुटते. फुटल्यावर पू पोटाच्या पोकळीत पसरतो. हा जितका रोगजंतूंचा प्रश्न आहे तितकाच नळी तुंबल्याचा आहे. तुंबून कुजत चाललेली नळी मातीच्या पट्टीने मोकळी होत नाही.

या दुखण्याची एक ओळख पाठ करून ठेवण्यासारखी आहे. ते सहसा बेंबीच्या आसपास सुरू होते, कुठे दुखते ते नेमके दाखवता येत नाही, भूक मरते, मळमळते. काही तासांनी कळ खाली उजवीकडे सरकते आणि तिथेच ठाण मांडते. कारण मजेशीर आहे. अपेंडिक्सच्या नसा पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात तिथेच बेंबीच्या भागाच्या नसाही येतात, म्हणून मेंदूला आधी वाटते बेंबी दुखते. सुजलेली नळी पोटाच्या आतल्या अस्तराला टेकू लागली की खरा पत्ता कळतो. मग खोकले, शिंकले, जिना उतरला तरी चमक निघते. रिक्षाने खड्डा घेतला आणि रुग्णाने पोट धरले, तर डॉक्टरही त्या गोष्टीची नोंद घेतात, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर ही तपासणी फुकटात होऊन जाते. सगळ्यांचे असेच होते असे मात्र नाही. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बायका यांच्यात ही लक्षणे फसवी असतात, म्हणून तिथे जास्त सावध राहावे.

१२ जानेवारीच्या रात्री ससूनमध्ये वेळ थोडा होता. सरकारने गांधीजींना त्यांच्या पसंतीचे डॉक्टर बोलावण्याची मुभा दिली होती. त्यांनी दलाल आणि जीवराज मेहता यांची नावे सांगितली. पण ते वेळेत पोहोचणार नव्हते आणि सकाळपर्यंत थांबणे मॅडॉकना धोक्याचे वाटत होते. गांधीजींचे पुण्यातले स्नेही डॉ. फाटक आणि भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना रात्री बोलावून घेण्यात आले. गोखले गेल्यावर त्यांच्या जागी आलेले हे शास्त्री. दहा वर्षांपूर्वी लंडनमध्ये गुरू उशाशी होता, आता गुरूचा वारस होता.

संमतीचा मजकूर तयार झाला. आपली काळजी नीट घेतली गेली आहे, मॅडॉक यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, आपले डॉक्टर वेळेत येऊ शकत नाहीत आणि शस्त्रक्रिया लगेच व्हावी, असा त्याचा आशय होता. गांधीजींनी गुडघे वर घेऊन त्यावर कागद टेकवला आणि पेन्सिलने सही केली. हात थरथरत होता आणि त्यांनी तो मॅडॉकना हसत दाखवला. या सहीला राजकीय अर्थही होता. गांधी सरकारी डॉक्टरच्या हाताखाली दगावले असते तर देशात काय उसळले असते हे मॅडॉकना माहीत होते आणि रुग्णालाही. शल्यचिकित्सकाच्या हातावरचे ते ओझे रुग्णाने आधीच उतरवून ठेवले.

शस्त्रक्रिया सुरू झाली आणि बाहेर वादळी पाऊस आला, जानेवारीत. वीज गेली. परिचारिकेने हातात धरलेला विजेचा दिवाही विझला. शेवटचा भाग कंदिलाच्या उजेडात पुरा झाला. पेनिसिलीनचा शोध अजून चार वर्षे दूर होता. पू झालेल्या पोटात जंतू मारणारे औषध हाताशी नाही, उजेड नाही आणि रुग्ण चोपन्न वर्षांचा, उपवासांनी हडकलेला. तरी ते निभावले, कारण ते त्या रात्री झाले.

या आजाराला त्याचे आजचे नाव बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ मध्ये दिले होते. त्याआधी अशी पोटे गूढ समजली जात आणि बहुतेक रुग्ण मरत. १९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड राज्याभिषेकाच्या तोंडावर आजारी पडला. दुखणे दाबून समारंभ पार पाडायची त्याची तयारी होती, पण फ्रेडरिक ट्रीव्ह्ज या शल्यचिकित्सकाने ऐकले नाही. समारंभ पुढे गेला, गळू फोडले, राजा वाचला. ट्रीव्ह्ज यांची स्वतःची मुलगी दोनच वर्षांपूर्वी याच आजाराने गेली होती. आणि गांधीजींच्या शस्त्रक्रियेनंतर पावणेतीन वर्षांनी अमेरिकेत हॅरी हुडिनी हा साखळ्या तोडून दाखवणारा जादूगार पोट दुखत असताना, ताप असताना प्रयोग करत राहिला. रुग्णालयात गेला तेव्हा अपेंडिक्स फुटलेले होते. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी तो मेला, वय बावन्न. दोघांचे पोट तेच होते. हुडिनीने मध्ये काही दिवस घालवले, एवढाच फरक.

कोकणातल्या घरात पोट दुखले की आधी ओवा येतो, मग हिंगाचा लेप, मग गरम पाण्याची पिशवी. वायूने दुखत असेल तर यातले बहुतेक निरुपद्रवी. दोन गोष्टी मात्र खरोखर घातक. एक म्हणजे पोट साफ करायला एरंडेल किंवा जुलाबाची गोळी देणे, कारण आतडी जोराने हलली की सुजलेली नळी फुटण्याची भीती वाढते. दुसरी, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे. आणखी एक फसवणूक अशी की नळी फुटते त्या क्षणी दाब सुटतो आणि थोडा वेळ बरे वाटते. घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि पुढच्या काही तासांत पोट फळीसारखे कडक होते. दुखणे सहा-आठ तास सलग वाढतच असेल, सोबत ताप, उलट्या किंवा न सुटणारी भूकमोड असेल, तर खाणेपिणे थांबवून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. तोंडातून पुन्हा पुन्हा वेदनाशामक गोळ्या घेऊन रात्र काढू नये. आज सोनोग्राफी आहे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे, काही साध्या प्रकरणांत नुसत्या प्रतिजैविकांवरही भागते. पण ते शल्यचिकित्सकाने पाहून ठरवायचे असते.

गांधीजींच्या पोटाविषयी इतके तपशील आज सांगता येतात याचे श्रेय त्यांनाच आहे. बद्धकोष्ठ, आमांश, शौचाच्या जागी पडलेल्या चिरा, सगळे त्यांनी आत्मकथेत लिहून छापले. लाज वाटण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटलेच नाही. आपल्या घरांतले चित्र याच्या अगदी उलट असते आणि त्याची सर्वांत मोठी किंमत मोजतात ती बारा ते अठरा वयाची मुले.

या वयात ओटीपोटात अचानक कळ येण्याचे एक कारण पोटात नसतेच. ते वृषणात असते. वृषण ज्या दोरीसारख्या नाडीला लटकलेले असते ती कधी कधी स्वतःभोवती पिळली जाते आणि तिच्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद होतात. खेळताना होते, पडल्यावर होते, कित्येकदा गाढ झोपेत होते. मुलगा पहाटे कळवळून उठतो, उलटी करतो आणि पोट दुखते म्हणतो. जागेचे नाव घ्यायला लाजतो हे एक. दुसरे, त्याला खरेच पोटात दुखत असते. बाळ आईच्या पोटात असताना वृषण त्याच्या मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि नंतर खाली उतरतात. उतरताना नसा वरूनच घेऊन येतात. म्हणून वृषणाची कळ ओटीपोटात जाणवते आणि उलटही घडते, म्हणजे मुतखडा वर अडकलेला असतो आणि कळ कमरेतून निघून जांघेत, वृषणापर्यंत उतरते.

पीळ बसलेल्या वृषणाला साधारण सहा तास मिळतात. तेवढ्यात पीळ सोडवला तर ते बहुतेक वेळा वाचते. बारा तासांनी शक्यता निम्म्यावर येते आणि दिवस उलटला तर बहुधा ते काढूनच टाकावे लागते. अपेंडिक्समध्ये दिवसांचा हिशेब असतो, इथे तासांचा. ती बाजू सुजलेली, लालसर, हात लावू न देण्याइतकी दुखरी आणि दुसऱ्या बाजूपेक्षा वर ओढलेली दिसू शकते. घरच्यांनी मुलाला सरळ, दरडावल्याशिवाय विचारावे की खाली दुखते आहे का. होय म्हणाला तर तिथेच निघावे. आधी तालुक्याला सोनोग्राफी करून येऊ, मग बघू, यात वेळ जातो. संशय दाट असेल तर शल्यचिकित्सक तपासणीची वाट न पाहता उघडून बघतात आणि दुसऱ्या बाजूलाही टाके घालून ठेवतात, म्हणजे तिला कधी पीळ बसू नये. कळ येऊन आपोआप थांबली तरी दाखवावे, कारण पीळ सुटला असेल तर तो पुन्हा बसू शकतो.

सगळ्या वृषणदुखीचा अर्थ पीळ असा नाही. दोन-चार दिवसांत हळूहळू वाढणारे दुखणे, लघवीला जळजळ आणि ताप असेल तर बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधांनी बरा होतो. गालगुंड झाल्यावर आठवड्याभरात वृषण सुजू शकते. जांघेत फुगवटा येतो आणि झोपल्यावर आत जातो ते अंतर्गळ, म्हणजे हर्निया. कोकणात माडावर चढणारी, जाळी ओढणारी, पोती उचलणारी माणसे तो वर्षानुवर्षे लंगोटात बांधून वागवतात. तो फुगवटा एक दिवस आत जाईनासा झाला, टणक आणि दुखरा झाला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पुन्हा तोच प्रकार, अडकलेली नळी आणि थांबलेले रक्त. आणि न दुखणारी कडक गाठ वृषणात हाताला लागली तर ती दुखत नाही म्हणून सोडून देऊ नये. पंधरा ते चाळीस या वयात तिथला कर्करोग अशीच गाठ घेऊन येतो आणि वेळेत सापडला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. बायकांच्या ओटीपोटात अचानक येणाऱ्या कळेची कारणे वेगळी आहेत, पण पाळी चुकलेली असताना अशी कळ आणि भोवळ आली तर गर्भ नळीत राहिल्याची शंका धरून तितकीच घाई करावी.

मंडणगड किंवा राजापूरच्या आतल्या वाडीत हे सगळे सांगणे सोपे आणि करणे अवघड, हे खरे आहे. रात्री कुठे जायचे, सकाळची पहिली एसटी पकडू, असे म्हणण्यात सहा तास सहज जातात. शिमगा किंवा गणपतीच्या दिवसांत तर विसर्जन होऊ दे मग बघू हे ठरलेलेच. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्री शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ असतील असे नाही. म्हणून निघण्याआधी फोन करून शस्त्रक्रिया होईल का ते विचारावे, १०८ ला बोलवावे, आणि जिथे होणार नाही तिथे थांबून वेळ घालवण्यापेक्षा थेट पुढे जावे. येरवडा ते ससून अंतर काहीच नव्हते, हे गांधीजींचे नशीब.

पुढचे बरे होणे त्यांना सोपे गेले नाही. जखमेत गळू झाले आणि सुधारणा रेंगाळली. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सरकारने त्यांना बिनशर्त सोडले. आजारपणामुळे मिळालेली सुटका त्यांना बोचली आणि तसे त्यांनी जाहीरपणे कळवले. मार्चमध्ये ससूनमधून निघून ते विश्रांतीसाठी मुंबईजवळ जुहूच्या किनाऱ्यावर राहिले. हिंद स्वराज लिहिणाऱ्याने चाकू कसा मान्य केला, हा प्रश्न लोकांनी विचारलाच. त्यांनी सारवासारव केली नाही. अहंकार पूर्ण गळला असता तर जे होईल ते होऊ दिले असते, पण या देहात जगण्याची इच्छा अजून होती, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. आजार आपल्याच चुकीने आला असेही ते मानत राहिले. वैद्यकाच्या दृष्टीने ते खरे नाही. अपेंडिक्स पापी माणसाचे सुजते तसेच संयमी माणसाचेही सुजते.

डॉक्टरांशी त्यांचे भांडण त्यानंतरही मिटले नाही. १९४४ मध्ये पुण्यातच, आगाखान पॅलेसच्या बंदिवासात, कस्तुरबा शेवटच्या घटका मोजत होत्या. मुलगा देवदासने दुर्मीळ पेनिसिलीन मिळवून आणले, तेव्हा आता तिला सुया टोचून त्रास देऊ नका असे गांधीजींनी सांगितले. २२ फेब्रुवारीला त्या गेल्या. तो निर्णय बरोबर की चूक यावर आजही वाद होतो. येरवड्यातल्या रात्रीची आणि या दिवसाची तुलना करताना एवढे ध्यानात ठेवावे की एकीकडे बरे होणारा आजार होता, दुसरीकडे थकलेले हृदय.

रत्नागिरीची भेट आटोपून गांधीजी दौऱ्यावर पुढे गेले. महिना संपता संपता निपाणीत रक्तदाब वाढून ते कोसळले. या वेळी डॉक्टरांनी दौरा रद्द करून विश्रांती घ्यायला सांगितले आणि त्यांनी ते मानले. एप्रिलमध्ये काही दिवस ते सावंतवाडी संस्थानातल्या आंबोलीला जाऊन राहिले, तिथून नंदी हिल्सला गेले. ससूनमधली ती शस्त्रक्रियेची खोली आजही स्मारक म्हणून जपलेली आहे.